कानशिलामागचा काळा डाग

लंडनमधल्या एका डॉक्टरांपुढे फुप्फुसाच्या दुखण्याचा एक तरुण रुग्ण आला होता. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप हाती घेतला आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांना ओळखीची चाहूल लागली. आता ती अवस्था येणार, हे त्यांनी ताडले. रुग्णाशी बोलण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी तोंड जरा बाजूला वळवले. त्यापुढचे त्यांना आठवत होते ते एकदम लिहिण्याच्या मेजापाशी बसून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असल्याचे. मधला वेळ स्मृतीतून साफ पुसला गेला होता. रुग्णाचे काय झाले म्हणून त्यांनी घाईघाईने चौकशी केली, तेव्हा कळले की त्यांनी त्याला रीतसर तपासले होते, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचे निदान लिहून ठेवले होते आणि त्याला तातडीने अंथरूण धरायला लावले होते. त्यांनी जाऊन पुन्हा तपासणी केली. भान हरपलेले असताना केलेले निदान भानावरच्या निदानाशी तंतोतंत जुळले.

हे डॉक्टर म्हणजे आर्थर थॉमस मायर्स. त्यांच्यावर उपचार करणारे जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन हे मेंदूविकारांचे त्या काळातले मोठे नाव. जॅक्सन यांनी १८८८ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात ही हकिकत प्रसिद्ध केली, पण रुग्णाचे नाव झाकून ‘डॉ. झेड’ एवढेच लिहिले. खरे नाव उजेडात यायला पुढे नव्वदहून अधिक वर्षे जावी लागली. ना अंग आखडले, ना तोंडाला फेस आला, ना माणूस जमिनीवर कोसळला. तरीही जॅक्सन ठामपणे म्हणत होते की हा अपस्मारच आहे आणि त्याचे मूळ मेंदूत कुठेतरी नेमक्या एका जागी आहे.

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या वस्तीवर कुणाला असा झटका आला तर आजही तो झटका म्हणून ओळखला जाईलच असे नाही. माणूस दुकानात गल्ल्यावर बसलेला असतो. बोलता बोलता नजर एका जागी खिळते, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलू लागतात, एक हात सदऱ्याच्या गुंडीशी उगाच चाळा करीत राहतो. दोनेक मिनिटांत सारे ओसरते आणि त्याला काहीच आठवत नाही. घरचे म्हणतात तंद्री लागली, शेजारचे म्हणतात बाहेरचे काहीतरी दिसते. पुढे कधी हात-पाय झाडणारा मोठा झटका आला म्हणजे मग कांदा आणि चप्पल यांची धावाधाव होते. झटका बहुधा आपल्या वेळेनेच थांबतो. श्रेय मात्र कांद्याला मिळते.

१८९४ च्या जानेवारीत मायर्स झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने मरण पावले. जॅक्सन यांनी आपले सहकारी वॉल्टर कोलमन यांना मेंदू तपासायला सांगितले आणि कुठे पाहायचे तेही सुचवले. कानशिलामागे मेंदूचा जो शंखखंड असतो, त्याच्या आतल्या कडेला आकड्यासारखी वळलेली एक घडी आहे. कोलमन यांनी ती चिरली. आत मऊ पडलेला एक अगदी लहानसा ठिपका होता. उरलेल्या मेंदूत दोष असा दिसला नाही. जिवंतपणी केवळ लक्षणांवरून बांधलेला अंदाज मृत्यूनंतर बोट ठेवण्याइतका खरा ठरला. १८९८ मध्ये दोघांनी तो वृत्तान्त छापला आणि शंखखंडाच्या अपस्माराला पत्ता मिळाला.

खरे तर त्या पत्त्यावर इतर लोक आधीच जाऊन आले होते, फक्त आपण कुठे उभे आहोत हे त्यांना उमगले नव्हते. पॅरिसमध्ये १८२५ साली बूशे आणि काझोवियेल यांनी अपस्माराच्या मृत रुग्णांचे मेंदू चाचपले, तेव्हा काहींचा हिप्पोकॅम्पस हाताला टणक लागला होता. शंखखंडाच्या पोटात दडलेला, समुद्री घोड्यासारख्या आकाराचा हा भाग म्हणजे नव्या आठवणी घडवण्याची जागा. पुढे १८८० मध्ये जर्मनीतील विल्हेल्म सोमर यांनी ९० रुग्णांच्या नोंदी गोळा करून पाहिल्या. हिप्पोकॅम्पसच्या एका ठरावीक पट्ट्यातल्या चेतापेशी जणू वेचून काढल्यासारख्या नाहीशा झाल्या होत्या. त्या पट्ट्याला आजही सोमर यांचेच नाव आहे.

येथून खरा पेच सुरू झाला. पेशी मेल्या म्हणून झटके येतात, की झटके येतात म्हणून पेशी मरतात? हा प्रश्न पुढची जवळजवळ शंभर वर्षे संशोधकांना चकवीत राहिला. म्युनिकचे वॉल्टर श्पिलमायर यांनी १९२७ मध्ये छातीठोकपणे सांगितले की झटक्याच्या वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, प्राणवायू तुटतो आणि पेशी गुदमरून मरतात. उत्तर सुटसुटीत होते आणि पुष्कळांना पटले.

ते उत्तर डळमळीत झाले मॉन्ट्रियलच्या शस्त्रक्रियागृहात. वायल्डर पेनफिल्ड रुग्णाला जागे ठेवून, केवळ कवटीपुरती भूल देऊन मेंदूवर शस्त्रक्रिया करीत. उघड्या मेंदूवर झटका उसळताना ते प्रत्यक्ष पाहत आणि त्यांना दिसे ते भलतेच. मेंदू फिका पडण्याऐवजी लाल होऊन फुगे, एरवी काळसर दिसणाऱ्या शिरांतून लालभडक रक्त वाहू लागे. रक्त आटत नव्हते, धो धो येत होते. मुंबईत न्यूरोसर्जरी रुजवणारे डॉ. राम गिंडे आणि वेल्लोरला ती सुरू करणारे डॉ. जेकब चांडी हे दोघेही याच मॉन्ट्रियलच्या शाळेत घडले. चांडी यांनी १९५२ मध्ये वेल्लोरला अपस्मारावर शस्त्रक्रिया केली, म्हणजे ही विद्या आपल्याकडे यायला फारसा उशीर लागला नव्हता. ती सर्वसामान्यांपर्यंत पोचायला मात्र चार दशके लागली.

श्पिलमायर यांना चुकीचे ठरवणारे पेनफिल्ड स्वतःही घसरले. १९५३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडले की जन्माच्या वेळी बाळाचे डोके दाबले जाते, शंखखंडाची आतली कड मेंदूतल्या कडक पडद्याच्या काठावर घासली जाते, आणि तिथेच पुढच्या अपस्माराचे बीज पडते. कल्पना डौलदार होती. काळाच्या कसोटीला उतरली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल यांनी एका तरुणाचे झटके थांबवण्यासाठी दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. झटके कमी झाले, पण हेन्री मोलेसन नावाच्या त्या तरुणाला उरलेल्या आयुष्यात एकही नवी आठवण धरून ठेवता आली नाही. दोन्ही बाजूंना हात घालायचा नाही, हा धडा शल्यचिकित्सेला फार महागात मिळाला.

लंडनमध्ये मरे फाल्कनर यांनी वेगळी वाट धरली. इतर शल्यविशारद शंखखंडाचा दूषित भाग शोषून काढीत, त्यामुळे तपासायला हाती काही उरत नसे. फाल्कनर तो अखंड तुकड्याच्या रूपात काढू लागले. कारागिरीतला एवढासा फरक, पण त्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस प्रथमच शाबूत सूक्ष्मदर्शकाखाली आला. जवळजवळ निम्म्या रुग्णांत सोमर यांनी पाहिलेलीच पडझड होती. त्यांची जुनी हकिकत विचारली तर अनेकांच्या बाबतीत एकच गोष्ट निघे: लहानपणी तापात आलेली आणि लवकर न थांबलेली आकडी. म्हणजे झटका आधी आणि पेशींचा मृत्यू नंतर? संशय दाट झाला, पण तापाने, प्राणवायू कमी पडल्याने की झटक्यानेच, हे कोण सांगणार?

ही गाठ सोडवली ब्रायन मेल्ड्रम यांनी. १९७३ मधले त्यांचे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यांची आखणी अजोड होती. बबून माकडांना औषध देऊन तासन्‌तास झटक्यात ठेवले, तेव्हा मेंदूत ठिकठिकाणी पेशी मेल्या. टीकाकार म्हणणार की अंग झाडल्याने ताप चढला, श्वास अडला, रक्तदाब घसरला, त्यात पेशी गेल्या. म्हणून मेल्ड्रम यांनी दुसऱ्या खेपेला माकडांचे स्नायू औषधाने लुळे केले आणि श्वास यंत्रावर चालवला. आता शरीर निश्चल होते; वादळ फक्त मेंदूत घोंघावत होते. नंतर मेंदूचे काप काढले तेव्हा लहान मेंदू बहुतांशी बचावलेला दिसला. हिप्पोकॅम्पस मात्र पुन्हा उजाड झाला होता. ना गुदमर, ना ताप. पेशींची अनिर्बंध धडपडच पेशींना मारीत होती.

कशी मारीत होती, याचा दुवा आधीच एका वेगळ्या प्रयोगशाळेत पडून होता. सेंट लुईसचे जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये उंदरांच्या पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट टोचले होते. चायनीज गाड्यांवर ज्याला अजिनोमोटो म्हणतात, तेच हे. पिल्लांच्या मेंदूतल्या काही पेशी फुगून मेल्या. ग्लुटामेट हा चेतापेशींचा एकमेकींना चेतवण्याचा निरोप, पण अति झाला की तोच जीव घेतो. पुढे जपानमध्ये जंतांवर देत असलेल्या तांबड्या समुद्रशेवाळातून काढलेले कैनिक आम्ल संशोधकांच्या हाती आले. ग्लुटामेटची भूमिका तेच अधिक जोरकसपणे वठवते. १९७८ मध्ये ते उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत सोडले, तर हिप्पोकॅम्पसच्या पेशी निवडून मेल्या.

आता कथेला साखरेचे वळण लागते. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी, पाटस आणि न्हावऱ्याच्या कारखान्यांना ऊस घालत आलेल्या वाचकांना साखरेचे मोल सांगायला नको. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीतही शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा फस्त करतो आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून मिळवतो. कोणता भाग किती ग्लुकोज खातो हे जिवंत माणसात पाहता आले, तर झटक्याच्या उगमाचे चित्रच काढता येणार होते.

लुई सोकोलॉफ यांच्या युक्तीवर हे शक्य झाले. ग्लुकोजसारखाच, पण किंचित बदललेला रेणू पेशी साखर समजून आत घेते. पहिली पायरी पार पडते, पुढची जमत नाही आणि तो रेणू आतच अडकतो. त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडला की जिथे खप जास्त तिथे उजेड जास्त. तयार झालेले औषध होते एफडीजी. अडचण एवढीच की त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो यांनी बनवले आणि रुग्णालय होते फिलाडेल्फियात. कुपी विमानाने धाडावी लागली. उड्डाणाच्या प्रत्येक मिनिटाला औषध विरत होते. त्या ऑगस्टमध्ये अबास अलावी यांनी ते पहिल्यांदा माणसाला टोचले आणि जिवंत मेंदूतला साखरेचा खप पडद्यावर उमटला.

काही वर्षांतच लॉस एंजेलिसमध्ये डेव्हिड कूल, जेरोम एंजेल आणि मायकेल फेल्प्स यांनी अपस्माराच्या रुग्णांना हा खप टिपणाऱ्या पेट यंत्राखाली घेतले. सरळ तर्क असा की जिथून झटका पेटतो ती जागा अतिचंचल, म्हणून तिथे साखर जास्त जळत असणार. पडद्यावर लखलखता ठिपका शोधायचा. चित्रे आली आणि ठिपका दिसेना. उलट झटक्यांच्या मधल्या शांत काळात रुग्णाचा एका बाजूचा शंखखंड काळवंडलेला होता. ज्या बाजूला झटक्यांचा उगम असल्याचा संशय होता, नेमकी तीच बाजू. झटका चालू असताना मात्र तोच भाग भडकून उजळे. १९८० मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. शोधायला गेले होते आग, सापडला काळोख, आणि काळोखच उपयोगी ठरला. कवटी न उघडता झटक्याची बाजू सांगणारा साक्षीदार मिळाला होता.

काळोखाचा अर्थ लावणे सोपे वाटले. तिथल्या पेशी मेल्या, म्हणून साखर खायला कोणी उरले नाही. दोन जुनी कोडी एकाच उत्तरात बसत होती. पण उत्तर पटणे आणि ते खरे असणे यात अंतर असते. त्याच लॉस एंजेलिसच्या गटात थॉमस बॅब वर्षानुवर्षे शस्त्रक्रियेत काढलेल्या हिप्पोकॅम्पसच्या कापांत एकेक पेशी मोजत होते. प्रसिद्धीच्या झोतापासून दूरचे, डोळे शिणवणारे काम. थॉमस हेन्री यांनी ती मोजदाद आणि शस्त्रक्रियेपूर्वीची पेट चित्रे शेजारी शेजारी ठेवली. १९९४ मध्ये निकाल हाती आला: ताळा बसेना. हिप्पोकॅम्पसमध्ये किती पेशी मेल्या यावरून काळोख किती गडद असेल हे सांगता येत नव्हते. शिवाय तो हिप्पोकॅम्पसपुरता थांबतही नव्हता. शंखखंडाची बाहेरची बाजू, कधी मेंदूच्या गाभ्यातला थॅलॅमससुद्धा त्यात ओढला जाई. तिथे तर पेशींचा तसा संहार झालेलाच नव्हता. गावातली किती घरे पडली आणि किती घरांतली वीज गेली, हे दोन वेगळे हिशेब असतात. इतकी वर्षे सगळे एकच हिशेब मांडत होते.

आणि मग सारे धागे एका माणसात एकत्र आले. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटाचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली. हे शिंपले कोकणातल्या शिनाण्यांचेच भाऊबंद. ओकाऱ्या, गोंधळ, झटके, काहींची स्मृती कायमची हरपली, काही दगावले. हॅलिफॅक्सच्या रसायनतज्ज्ञांनी रात्रंदिवस खपून अवघ्या काही दिवसांत विष ओळखले: डोमोइक आम्ल. सूक्ष्म शेवाळ फोफावले होते आणि शिंपल्यांनी ते गाळून पोटात साठवले होते. हे आम्ल कैनिक आम्लाचे सख्खे भावंड, तेही जपानमध्ये जंतांवर दिले गेलेले. प्रयोगशाळेत उंदरांवर जो प्रयोग करीत होते, तो समुद्राने माणसांवर करून टाकला होता.

त्या रुग्णांत ८४ वर्षांचे एक गृहस्थ होते. विषबाधेत त्यांना एकामागून एक झटके आले, मग ते थांबले. काही महिने शांततेत गेले. वर्षाच्या सुमारास शंखखंडाचा अपस्मार नव्याने सुरू झाला. मॉन्ट्रियलला एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस आक्रसलेले दिसले, पेट चित्रात दोन्ही शंखखंडांत साखरेचा खप उतरलेला. विषबाधेनंतर सव्वातीन वर्षांनी ते न्यूमोनियाने गेले. शवविच्छेदनात हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी जवळजवळ उजाड सापडले. फर्नांडो सेन्डेस, फ्रेडरिक अँडरमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ही हकिकत मांडली, तीही पेनफिल्ड यांच्याच संस्थेतून. विष, झटके, पेशींचा मृत्यू, काही महिन्यांची उसंत, मग अपस्मार आणि मंदावलेले चयापचय: सोमर यांच्यापासून सुटे पडलेले सारे दुवे क्रमाने, तारखांसकट ओवले गेले. पेशी मेल्याने झटके की झटक्याने पेशी मेल्या? दोन्ही. पहिला आघात पेशी मारतो आणि उरलेल्या पेशींची विस्कटलेली जोडणी पुढचे झटके घडवते.

त्याच वर्षी, मार्च १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने शंखखंडाच्या शस्त्रक्रियांचा कार्यक्रम सुरू झाला. हाताशी पेट नव्हते. एमआरआय, ईईजी आणि रुग्णाची बारकाईने घेतलेली हकिकत, एवढ्यावर त्यांनी रुग्ण निवडले आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत फार थोड्या खर्चात त्यांचे झटके थांबवून दाखवले. देशभरातून रुग्ण येऊ लागले. दौंडच्या माणसासाठी वाट लांब असली तरी गाडी बदलावी लागत नव्हती. कन्याकुमारीला जाणारी जयंती जनता दौंडला थांबून तिरुवनंतपुरमवरूनच पुढे जाई. २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातले पहिले पेट यंत्र बसले आणि एफडीजी मुंबईतच तयार होऊ लागले. आज ही तपासणी पुण्यात होते. एमआरआयमध्ये काहीच दिसत नाही अशा रुग्णात तो काळा डाग अजूनही शल्यविशारदाला बाजू दाखवतो.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच घरातली माणसे हबकतात, आणि ते साहजिक आहे. पण २००१ मध्ये कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे आकडे बोलके आहेत. वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त असलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. योग्य निवडलेली दोन औषधे नीट घेऊनही झटके थांबले नाहीत, तर मोठ्या केंद्रात दाखवावे, असा आता जागतिक संकेत आहे. आपल्याकडे मात्र पंधरा-पंधरा वर्षे गोळ्या बदलत राहण्यात जातात. यात रुग्णाचा दोष कमी आणि त्याला वेळेवर पुढे न पाठवणाऱ्यांचा जास्त, असे माझे मत आहे.

थॉमस हेन्री यांच्या न बसलेल्या ताळ्याचे उत्तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनीच दिले. झटके थांबल्यानंतर काही केंद्रांनी त्यांची पेट तपासणी पुन्हा केली. शंखखंडाचा काढलेला भाग अर्थातच नव्हता. पण त्याच बाजूला, दूरवर, जिथे कुणी सुरी लावली नव्हती त्या थॅलॅमसमध्ये आणि कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या भागात साखरेचा खप वाढलेला दिसला. तिथल्या पेशी मेल्या नव्हत्या. झटक्यांच्या धाकात त्या मंदावल्या होत्या.